झिप कोडमध्ये विरघळलेलं शिसं

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट हे जेमतेम लाखभर वस्तीचं शहर. २०१३ मध्ये तिथल्या पाच वर्षांखालच्या ७३६ मुलांच्या रक्ताचे तपासणी-निकाल पाहिले, तर २.४ टक्के मुलांच्या रक्तात शिसं धोक्याच्या रेषेवर किंवा तिच्यापुढे होतं. २०१५ मध्ये ७३७ मुलांचे निकाल पाहिले, तेव्हा हे प्रमाण ४.९ टक्के निघालं. टक्केवारी बाजूला ठेवून डोकी मोजली तर आधी साधारण अठरा मुलं, नंतर साधारण छत्तीस. अख्ख्या शहराचं पाणी बदलायला लावणारा पुरावा या अठरा मुलांच्या फरकावर उभा होता.

ही अठरा मुलं एकाच दिवशी एकाच डॉक्टरकडे आली नव्हती. ती आठ-नऊ महिन्यांत, वेगवेगळ्या दवाखान्यांत, लसीकरणाच्या किंवा वाढ तपासण्याच्या निमित्ताने आली. त्यांना ताप नव्हता, पुरळ नव्हतं, पोटदुखीची तक्रार नव्हती. रक्तातल्या शिशाची त्या वेळची संदर्भ-पातळी होती दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम. तेवढं शिसं अंगात असलेलं मूल खेळतं, हसतं, वरवर अगदी धडधाकट दिसतं. नुकसान मेंदूत होत असतं आणि ते शाळेच्या वयात, कधी त्याहूनही उशिरा, जाणवतं. म्हणजे एकेका मुलाकडे बघून कुणालाही काही कळणार नव्हतं. सगळ्या मुलांच्या नोंदी एकत्र मांडल्या तरच काही दिसण्याची शक्यता होती.

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींमधून सार्वजनिक आरोग्यावर पाळत कशी ठेवायची, याबद्दल बोलताना मला फ्लिंटचं प्रकरण सगळ्यात आधी आठवतं. तिथे नोंदी होत्या, संगणक होते, कायद्याने राज्याकडे जाणारे अहवालही होते. तरीही दीड वर्ष कुणाला काही दिसलं नाही. मग जे दिसलं ते कशामुळे, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

पाणी बदललं

फ्लिंटला अनेक दशकं डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचं शुद्ध केलेलं पाणी मिळत होतं. शहर आर्थिक डबघाईला आलेलं, कारभार राज्याने नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाच्या हाती. नवी जलवाहिनी पूर्ण होईपर्यंत खर्च वाचावा म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी शहराने फ्लिंट नदीचं पाणी वापरायला सुरुवात केली. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घातलेलं असे. त्याने शिशाच्या जुन्या नळांच्या आतल्या बाजूला एक थर धरतो आणि शिसं पाण्यात उतरत नाही. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त, ते धातू जास्त खाणारं, आणि त्यात गंजरोधक काहीच घातलं गेलं नाही. जुना थर सुटू लागला.

लोकांनी तक्रारी लगेच सुरू केल्या: पाण्याला रंग, वास, अंगावर चट्टे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणं थांबवलं, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका आईच्या घरच्या नळाला अब्जात १०४ भाग शिसं सापडलं. केंद्राच्या पर्यावरण संस्थेची तेव्हाची कृती-पातळी, म्हणजे जिच्यापुढे उपाय करणं भाग पडतं ती रेषा, १५ होती. त्याच संस्थेतले मिगेल डेल टोरल यांनी जून २०१५ मध्ये अंतर्गत टिपण लिहून गंजरोधक घातलं जात नसल्याचा इशारा दिला. व्हर्जिनिया टेकचे मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने ऑगस्टमध्ये नागरिकांना सुमारे ३०० तपासणी-संच वाटले. आलेल्या नमुन्यांत दर दहातला एक २५ च्या पुढे होता.

पाण्यात शिसं आहे, हे असं बाहेर आलं. पण पाण्यातलं शिसं आणि मुलाच्या रक्तातलं शिसं यांच्यात अधिकाऱ्यांना दिलासा देणारी एक फट असते. लोक गाळून पितात, बाटलीचं पितात, जुन्या रंगाच्या खपल्यांतूनही शिसं येतं, आमच्या चाचण्यांत सगळं ठीक आहे, अशी उत्तरं त्या फटीतून देता येतात. ती फट फक्त रक्ताच्या निकालांनी बुजणार होती.

जेवणाच्या वेळी निघालेला प्रश्न

डॉ. मोना हॅना-अटीशा तेव्हा फ्लिंटच्या हर्ली मेडिकल सेंटरमध्ये बालरोग विभागाचा निवासी डॉक्टरांचा प्रशिक्षण कार्यक्रम चालवत होत्या. ऑगस्ट २०१५ च्या शेवटी त्यांची शाळेपासूनची मैत्रीण एलिन बेटान्झो घरी जेवायला आली होती. बेटान्झो पाणी-अभियंता, पूर्वी केंद्राच्या पर्यावरण संस्थेत काम केलेल्या. २००१ ते २००४ दरम्यान वॉशिंग्टन शहराच्या पाण्यात शिसं वाढलं तेव्हा त्या तिथे होत्या. फ्लिंटमध्ये गंजरोधक घातलं जात नाही, तेव्हा मुलांच्या रक्तात ते दिसायला हवं, आणि तुझ्या रुग्णालयाकडे त्या नोंदी आहेत, असं त्यांनी सांगितलं.

वॉशिंग्टनचा धडा इथे फार मोलाचा आहे. तिथे २००४ मध्ये रोग नियंत्रण केंद्राने म्हणजे सीडीसीने पाण्याचा मुलांच्या रक्तावर परिणाम किरकोळ असल्यासारखा अहवाल दिला होता. पुढे २००९ मध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांच्या रुग्णालयातल्या निकालांवरून दाखवलं, की लहान बाळांवर आणि काही वस्त्यांमध्ये परिणाम ठळक होता. शहरभराच्या सरासरीत तो बुडाला होता. नोंदी नीट कापून पाहिल्या तर चित्र बदलतं, हे बेटान्झोंना अनुभवाने माहीत होतं. नोंदींचा ढीग स्वतःहून काही बोलत नाही. ज्याला पाण्याचं रसायन कळतं आणि ज्याच्या हाती मुलांचे निकाल आहेत, ती दोन माणसं एका टेबलावर बसली तेव्हा प्रश्न जन्माला आला. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात दुर्मीळ घटक आहे, कारण तो विकत घेता येत नाही.

संगणकीकरणाचा वाटा कमी लेखायचा नाही. २००९ च्या हायटेक कायद्याने अमेरिकेत रुग्णालयांना इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी मोठं अनुदान दिलं. २००८ मध्ये जेमतेम ९ टक्के रुग्णालयांत मूलभूत नोंदप्रणाली होती, २०१५ मध्ये ती ८० टक्क्यांच्या पुढे गेली. हर्लीत एपिक ही प्रणाली होती. कागदी फायली असत्या तर दोन-तीन आठवड्यांत हे काम झालं नसतं. शिवाय शिशाचा निकाल हा प्रयोगशाळेचा निकाल असतो: आकडा, एकक, नमुना घेतल्याची तारीख, सगळं आपापल्या रकान्यात. डॉक्टरच्या मोकळ्या लिखाणातून तो उकरून काढावा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदींमधला सगळ्यात भरवशाचा भाग बहुतेक वेळा हाच असतो. निदानाचे कोड त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत, कारण ते बऱ्याचदा बिलासाठी टाकलेले असतात.

दुसरी जमेची बाजू म्हणजे तपासणी कुणाच्या संशयावर अवलंबून नव्हती. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असलेल्या मेडिकेड या सरकारी विमा योजनेत मुलांची एक आणि दोन वर्षं पूर्ण होताना ही तपासणी करावी लागते. फ्लिंटमध्ये अशी मुलं खूप, आणि हर्लीची प्रयोगशाळा परिसरातले बरेचसे नमुने तपासत होती. त्यामुळे टक्केवारीचा छेद, म्हणजे एकूण तपासलेल्या मुलांची संख्या, कायम मिळत गेला. फक्त संशय आला म्हणून तपासलेल्या मुलांच्या नोंदी असत्या, तर टक्केवारीला काही अर्थच उरला नसता.

हॅना-अटीशांनी आधी आपल्याच बाह्यरुग्ण विभागाचे आकडे पाहिले. वाढ दिसत होती, पण मुलं थोडी. मग रुग्णालयाच्या संशोधन-नीती समितीची परवानगी घेऊन त्यांनी आणि संशोधन-समन्वयक जेनी लाचान्स यांनी सगळे निकाल काढले. मांडणीतले निर्णय साधे आणि विचारपूर्वक होते. तुलना १ जानेवारी ते १५ सप्टेंबर २०१३ आणि त्याच तारखा २०१५ अशी. कारण उन्हाळ्यात मुलांच्या रक्तातलं शिसं तसंही वाढतं: खिडक्या उघडतात, जुन्या रंगाची धूळ उडते, मुलं मातीत खेळतात. वर्षाच्या त्याच महिन्यांची तुलना केली की ऋतूचा आक्षेप निकालात निघतो. एका मुलाचे अनेक निकाल असतील तर सर्वांत जास्त असलेला एकच धरला, म्हणजे वारंवार तपासलं जाणारं एखादं मूल आकडे फुगवत नाही. आणि शहराबाहेरच्या, म्हणजे नदीचं पाणी न पिणाऱ्या मुलांचा गट तुलनेला ठेवला.

२४ सप्टेंबर २०१५ रोजी पत्रकार परिषदेत आकडे मांडले गेले: शहरात २.१ वरून ४ टक्के, आणि सर्वाधिक जोखमीच्या दोन झिप कोडमध्ये २.५ वरून ६.३. झिप कोड म्हणजे आपला पिनकोड. शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता एका डॉक्टरने असे आकडे जाहीर करणं ही व्यावसायिकदृष्ट्या धोक्याची गोष्ट होती. मला ती बरोबर वाटते. शिसं रोज बाळांच्या दुधाच्या बाटलीत कालवलं जात असताना संपादकांच्या पत्राची वाट पाहणं योग्य ठरलं नसतं. त्याच क्षेत्रातल्या इतर तज्ज्ञांची परीक्षा टळली नाही, ती नंतर झाली आणि निष्कर्ष तिला पुरून उरला.

राज्याकडेही हेच निकाल होते

राज्याच्या पर्यावरण खात्याच्या प्रवक्त्याने या वातावरणाला जवळपास उन्मादाची उपमा दिली. आरोग्य खात्याने म्हटलं, की आमचे आकडे या आकड्यांशी जुळत नाहीत.

हे खातं रिकाम्या हाताने बोलत नव्हतं, आणि म्हणूनच या प्रसंगापाशी थांबायला हवं. मिशिगनमध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाचा प्रत्येक निकाल प्रयोगशाळेने राज्याला कळवायचा असतो. राज्याचा साठा हर्लीपेक्षा मोठा होता. त्यांना तेच का दिसलं नाही?

उत्तराचा मोठा भाग पत्त्यात आहे. राज्याने मुलं झिप कोडप्रमाणे मोजली होती. झिप कोड ही टपालाच्या सोयीसाठी आखलेली रेघ; जलवाहिनी तिच्यासारखी वळत नाही. ज्या पत्त्यांवर ‘फ्लिंट’ लिहिलेलं असतं त्यांतला मोठा हिस्सा शहराच्या हद्दीबाहेर, शेजारच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे स्वतंत्र कारभाराच्या लहान भागांत येतो. तिथे शहराचं पाणी पोचतच नव्हतं. त्या घरांतली मुलं त्याच गठ्ठ्यात मोजली गेली.

याचा परिणाम किती होतो ते एका काल्पनिक उदाहरणातून बघू. एका झिप कोडमध्ये हजार मुलं तपासली. पाचशे शहराचं पाणी पिणारी, पाचशे न पिणारी. आधी दोन्हीकडे २ टक्के, म्हणजे एकूण २० मुलं. पाणी बदलल्यावर पहिल्या गटात ५ टक्के झाले, म्हणजे २५ मुलं. दुसऱ्या गटात पूर्वीप्रमाणे १०. एकूण ३५, म्हणजे ३.५ टक्के. खरी वाढ अडीचपट, कागदावर पावणेदोनपट. त्यात संपूर्ण देशात मुलांच्या रक्तातलं शिसं वर्षागणिक कमीच होत आलेलं आहे. दुसऱ्या गटातलं प्रमाण त्या ओघात १ टक्क्यावर उतरलं तर एकूण आकडा ३ टक्के. दरवर्षी होणाऱ्या चढउतारांत एवढी वाढ सहज मिसळून जाते. शिसं पाण्यात विरघळलं, आणि पुन्हा एकदा झिप कोडमध्ये विरघळलं.

हर्लीच्या पहिल्या मांडणीतही झिप कोडचा आधार होताच. ती उणीव भरून काढली मिशिगन स्टेट विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ रिचर्ड सॅडलर यांनी. प्रत्येक मुलाचा पत्ता नकाशावर बिंदू म्हणून टाकला आणि तो शहराच्या पाणीपुरवठ्यात येतो की नाही ते पाहिलं. आरंभी दिलेले २.४ आणि ४.९ टक्के हे त्या कामानंतरचे आकडे. ज्या वस्त्यांत पाण्यातच शिसं जास्त होतं तिथे ४ टक्क्यांवरून १०.६. शहराबाहेरच्या मुलांत सांख्यिकीयदृष्ट्या अर्थपूर्ण बदल नाही. रेघ जितकी पाण्याच्या जवळ आणली, तितका फरक मोठा होत गेला. कारण खरं असेल तर असंच व्हायला हवं. योगायोग असता तर रेघ बदलल्यावर फरक विरायला लागला असता. हा निबंध डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थने ऑनलाइन प्रसिद्ध केला.

पण सगळा दोष झिप कोडवर टाकणं राज्याला फार स्वस्तात सोडून देणं होईल. जुलै २०१५ मध्येच, म्हणजे पत्रकार परिषदेच्या दोन महिने आधी, खात्यातल्या एका साथरोगतज्ज्ञाने नियंत्रण-आलेख काढून पाहिला होता. २०१४ चे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे तीन महिने वरच्या मर्यादेबाहेर गेलेले दिसत होते. पाणी बदलल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. खात्यातल्याच दुसऱ्या गटाकडून ‘हा ऋतूचा परिणाम’ असं उत्तर आलं आणि तेच पुढे वर गेलं. नियंत्रण-आलेख काढतात तो याच प्रश्नाच्या उत्तरासाठी, की नेहमीच्या चढउतारांपलीकडे काही घडतंय का. उत्तर ‘हो’ आलं तेव्हा पुढे करायचं होतं ते एकच: नदीचं पाणी पिणारी घरं वेगळी काढून तीच तपासणी पुन्हा करणं. ते कुणी केलं नाही. मार्च २०१६ मध्ये राज्यपालांनीच नेमलेल्या कृती गटाने आरोग्य खात्यावर नेमका हाच ठपका ठेवला, की हाताशी असलेल्या माहितीचं वेळेवर विश्लेषण झालं नाही आणि मुलं जास्त काळ शिसं पीत राहिली.

या दिरंगाईमागे पैशांचाही हात आहे. २०१२ च्या अर्थसंकल्पात सीडीसीच्या बालकांमधील शिसं-प्रतिबंध कार्यक्रमाचा निधी सुमारे २.९ कोटी डॉलरवरून २० लाखांवर आणला गेला होता. निकाल साठत राहिले. ते वाचणारी माणसं कमी झाली. आपण नोंदप्रणालीवर खर्च करतो आणि ती वाचणाऱ्याच्या पगाराला कात्री लावतो, ही चूक फ्लिंटपुरती नाही.

डेट्रॉइट फ्री प्रेस या वृत्तपत्राने राज्याचेच आकडे घेऊन पुन्हा हिशेब केला, तर त्यातही वाढ दिसली. १ ऑक्टोबरला जेनेसी काउंटीने, म्हणजे फ्लिंट ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या प्रशासनाने, आरोग्य आणीबाणी जाहीर करून हे पाणी पिऊ नका असं सांगितलं. १६ ऑक्टोबरला शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेलं. पत्रकार परिषदेपासून बावीस दिवस. २०१६ मध्ये सीडीसीनेही स्वतंत्र विश्लेषण केलं: नदीच्या पाण्याच्या काळात मुलाच्या रक्तात शिसं वाढलेलं असण्याची शक्यता आधीपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त होती, आणि पाणी बदलल्यावर ती खाली आली.

लिजिओनेअर्सचा उलटा धडा

त्याच काळात तिथे लिजिओनेअर्स रोगाची, म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर न्यूमोनियाची, साथ होती: २०१४-१५ मध्ये सुमारे ९० रुग्ण, किमान १२ मृत्यू. हा रोग कळवणं बंधनकारक आहे, निदान झालेले रुग्ण कळवले गेले, आणि वाढ होत असल्याचं काउंटी व राज्याच्या अधिकाऱ्यांना २०१५ च्या सुरुवातीलाच माहीत होतं. लोकांना ते जानेवारी २०१६ मध्ये सांगण्यात आलं. इथे पाळत तांत्रिकदृष्ट्या चालू होती. संदेश वरपर्यंत पोचला आणि तिथेच अडकला. नोंद कितीही चपळ असली तरी ती जाहीर करण्याची जबाबदारी कुणाची आणि किती दिवसांत, हे लिहिलेलं नसेल तर हे असंच होणार.

जे नोंदीत नव्हतं

हर्लीच्या आकड्यांनाही मर्यादा होत्या, आणि त्या बहुतेक एकाच दिशेने ओढतात: खरं नुकसान कमी दाखवण्याकडे. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, उरलेलं हाडांत जाऊन बसतं. सर्वाधिक धोका होता नळाच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पिणाऱ्या काही महिन्यांच्या बाळांना, आणि तपासणी होते ती वर्ष पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत रक्तातली खूण फिकी पडलेली असते. गर्भातल्या बाळांचा तर रकानाच नव्हता.

नंतरच्या आकड्यांत वेगळीच अडचण येते. बातमी फुटल्यावर घाबरलेल्या आयाबापांनी मोठ्या मुलांनाही तपासायला आणलं. गट बदलला, टक्केवारीची आधीच्या वर्षांशी तुलना करणं अवघड झालं. म्हणून सप्टेंबर २०१५ पर्यंतच्या नोंदी, कुणी घाबरण्याआधीच्या, या अभ्यासाला जास्त विश्वासार्ह आहेत.

पुढे असाही वाद झाला, की २००६ च्या सुमारास फ्लिंटच्या मुलांत शिसं २०१५ पेक्षा जास्त होतं, मग एवढा गवगवा कशाला. आकडा खरा आहे, युक्तिवाद पटत नाही. एकंदरीत उतरत आलेली रेघ पाणी बदलल्यावर वर वळते, तेव्हा तिचं कारण शोधावंच लागतं.

आणि पत्ता. ज्या रकान्याने हे प्रकरण उघड केलं, तोच पुढे अपुरा पडला. बऱ्याच नोंदप्रणालींत कुटुंब घर बदलतं तेव्हा नवा पत्ता जुन्यावर लिहिला जातो. त्या वर्षी ते मूल कुठे राहत होतं हे पुसलं जातं. शहराबाहेर राहणारं पण दिवसभर फ्लिंटच्या पाळणाघरात असणारं मूल रुग्णालयाच्या नोंदीत ‘बाहेरचं’ ठरतं. त्यामुळे बाधितांची दीर्घकाळ काळजी घेण्यासाठी मिशिगन स्टेट विद्यापीठाने फ्लिंट रजिस्ट्री उभी केली, तेव्हा रुग्णालयाच्या यादीवर काम भागलं नाही. लोकांनाच विचारावं लागलं: २५ एप्रिल २०१४ ते १५ ऑक्टोबर २०१५ या काळात तुम्ही शहराचं पाणी येणाऱ्या कुठल्या पत्त्यावर राहत होता, काम करत होता, शाळेत किंवा पाळणाघरात जात होता?